कुठलं पाणी?

तहानलेल्याला पाणी पाजलं तर पुण्य लागतं. कुस्तीत समोरच्याला पाणी पाजलं तर तो चीत झालेला असतो. आणि लोहारानं विळ्याला पाणी पाजलं तर विळ्याची धार टिकते. शब्द तेच, क्रियापद तेच, तरी तिन्ही ठिकाणी घडतं ते अगदी निराळं.

माझी एक हिंदीभाषक मैत्रीण मराठी शिकत होती. तिनं वहीत 'पाणी' या शब्दासाठी वेगळं पान ठेवलं होतं. ते भरलं, मग दुसरं भरलं. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "अगं, हे पाठ कसं करायचं? पाणी सोडलं म्हणजे हक्क गेला, पाणी मुरलं म्हणजे लबाडी झाली, पाणी चढलं म्हणजे सोन्याचा मुलामा!" तिला उत्तर देता देता माझ्या लक्षात आलं, की हे पाठ करायचं कामच नाही. यातल्या बहुतेक अर्थांमागे कुणीतरी खरोखरीचं पाणी नीट निरखलेलं आहे. पाणी चमकतं, मिसळलं की पातळ करतं, उंचावरून खाली जातं, जमिनीत दिसेनासं होतं, हातातून सुटलं की परत येत नाही. भाषेनं यातली एकेक गोष्ट उचलली आणि माणसांना, वस्तूंना, व्यवहारांना लावली. कुठली गोष्ट उचलली ते कळलं, की अर्थ आपोआप उलगडतो.

आधी शब्दाचं मूळ पाहू. संस्कृतात 'पा' हा धातू पिण्याचा. त्यावरून 'पानीय', म्हणजे पिण्याजोगं. प्राकृतात त्याचं 'पाणिय' झालं आणि तिथून आपलं 'पाणी' आलं. म्हणजे मुळात हे नाव नव्हतंच, विशेषण होतं. जे पिता येतं ते पानीय. आज आपण समुद्राच्या पाण्यालाही पाणीच म्हणतो आणि गटाराच्याही. त्यामुळे 'पिण्याचं पाणी' असा शब्दप्रयोग करावा लागतो, जो मूळ अर्थाच्या हिशेबानं 'पिण्याचं पिण्याजोगं' असा होतो!

पाण्यासाठीची जुनी नावं दुसरीच. एक 'उदक'. मराठीत ते आता धार्मिक विधींपुरतं उरलंय, पण कोकणीत आजही रोजच्या पाण्याला उदकच म्हणतात. या शब्दाचं कूळ फार मोठं आहे. इंग्रजी 'वॉटर', रशियन 'वोदा', ग्रीक 'हुदोर' हे सगळे त्याचे चुलतभाऊ. १९१५ साली बेद्रिख ह्रोझनी हे चेक संशोधक आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या विटा वाचायचा प्रयत्न करत होते. लिपी वाचता येत होती, भाषा मात्र कुठली ते कळत नव्हतं. एका ओळीत त्यांना भाकरीचं चिन्ह ओळखू आलं आणि पुढच्याच शब्दांत 'वातर' दिसलं. तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल, असा त्या ओळीचा अर्थ लागला. तीन हजारांहून जास्त वर्षं मुकी असलेली हित्ती भाषा उलगडायला पाण्याच्या नावाची अशी मदत झाली. मला ही हकिगत कितीदाही सांगायला आवडते.

दुसरं जुनं नाव 'अप्'. संस्कृतात ते नेहमी बहुवचनातच येतं, 'आपः'. ज्याच्या दोन्ही बाजूंना हे अप् ते 'द्वीप'. त्याचाच फारसी भाऊ 'आब'. पाच नद्यांचं पाणी ते पंजाब, दोन नद्यांमधला मुलूख तो दुआब. 'गुलाब' हा शब्दही यातलाच. फारसीत फुलाला 'गुल' म्हणतात आणि 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. आपण पाण्याचं नाव फुलाला देऊन टाकलं.

संस्कृतातून आलेल्या बाकीच्या नावांसाठी एक छोटी किल्ली पुरते. जल, नीर, अंबु, वारि, तोय, पय यातलं कुठलंही नाव घ्या. त्याला 'द' लावला, म्हणजे देणारा, तर ढग होतो: जलद, नीरद, अंबुद, वारिद, तोयद, पयोद. 'धी' लावला, म्हणजे साठवणारा, तर समुद्र: जलधी, अंबुधी, वारिधी, पयोधी. 'ज' लावला, म्हणजे त्यात जन्मलेलं, तर बहुतेक वेळा कमळ: जलज, नीरज, अंबुज, वारिज. शाळेत समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या घोकणाऱ्या मुलांना ही किल्ली कुणीतरी पहिल्याच दिवशी द्यायला हवी. आणि एक सावधगिरी: 'पाणिग्रहण'मधला पाणि ऱ्हस्व आहे आणि त्याचा अर्थ हात. वीणापाणि म्हणजे जिच्या हातात वीणा आहे ती. त्याचा पाण्याशी काही संबंध नाही.

आता लोहाराच्या विळ्याकडे येऊ, कारण 'पाणी' या शब्दातली सगळ्यात सुंदर छटा तिथे डोळ्यांनी दिसते. विळ्याचं पातं भट्टीत लालबुंद होतं. लोहार ते सांडशीत धरून बाहेर काढतो, रंगाकडे क्षणभर बघतो आणि धारेची बाजू पाण्यात घालतो. चर्र आवाज होतो, वाफ उठते. आत काय घडतं? पोलादात थोडा कार्बन असतो. लोखंड खूप तापलं की त्याच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनला आत जागा मिळते. ते हळूहळू निवलं तर कार्बन आरामात बाहेर सरकतो आणि धातू मऊच राहतो. पण एकदम पाण्यात घातलं तर कार्बनला निघायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, मांडणी ताणली जाते आणि धातू कडक होतो. इतका कडक, की आपटला तर तुटेल. म्हणून लोहार ते पातं पुन्हा जरासं तापवतो. उजळलेल्या पृष्ठभागावर आधी गवतासारखा पिवळा रंग चढतो, मग जांभळा, मग निळा. कुठल्या रंगाला थांबायचं यावर हत्यार किती कडक आणि किती चिवट होणार ते ठरतं. कार्बन अगदीच कमी असलेल्या लोखंडाला कितीही पाणी पाजा, ते कडक होत नाही.

तलवारीचं पाणी म्हणतात ते हे. ती नुसती चकाकी नसते, आगीतून आणि पाण्यातून गेल्यावर अंगात आलेला कस असतो. मोत्याचं पाणी, हिऱ्याचं पाणी यातही तेच पाणी आहे, फक्त तिथे डोळ्यांना दिसणारं तेज मुख्य. आणि मग ते माणसांना लागलं. पाणीदार डोळे, पाणीदार घोडा, 'या पोरीचं पाणीच वेगळं आहे.' समोरच्याचं पाणी जोखणं म्हणजे त्याच्यात किती दम आहे याचा अंदाज घेणं. सोन्याचं पाणी चढवलेला दागिना म्हणजे वरून तेज दिलेला, आत साधा धातू असलेला.

हा अर्थ धरला की 'पाणउतारा' शब्द उघडतो. चारचौघांत कुणाचा अपमान झाला की त्याच्या चेहऱ्यावरचं पाणी, म्हणजे तेज, उतरतं. तोच पाणउतारा. आणि इथे फारसीतला आब पुन्हा भेटतो. 'आबरू' हा शब्द आब आणि रू असा बनलाय, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्याचं पाणी ते आबरू. म्हणजे 'त्याचा पाणउतारा झाला' आणि 'त्याची आबरू गेली' या दोन वाक्यांत दोन वेगळ्या भाषांनी एकच चित्र काढलंय. 'घराण्याचा आब राखला' म्हणतो त्यातला आबही हाच.

पण पाण्याचा दुसरा गुण याच्या बरोबर उलट जातो. दुधात मिसळा, रंगात मिसळा, पाणी सत्त्व कमी करतं. त्यातून आला 'पाणचट'. पाणीदार भाषण आणि पाणचट भाषण, दोन्हींत पाणीच आहे! एकात वक्त्याचं तेज, दुसऱ्यात नुसती भर. मैत्रिणीनं विचारलं होतं, एकाच शब्दाला इतके विरुद्ध अर्थ कसे चिकटले? चिकटले, कारण बघणाऱ्यांनी पाण्याकडे दोन वेगळ्या वेळी पाहिलं. एकदा उन्हात चमकताना आणि एकदा दुसऱ्या कशात तरी मिसळताना.

'काळजाचं पाणी पाणी होणं' आणि 'रक्ताचं पाणी करणं' हेही मिसळण्याच्या, विरघळण्याच्या बाजूचे. घट्ट असलेलं काहीतरी पातळ होतं. पहिल्यात भीतीनं, दुसऱ्यात कष्टांनी. लेकरांसाठी रक्ताचं पाणी केलं असं कुणी म्हणतं तेव्हा त्यात तक्रार नसते, किती झिजलो याचा हिशेब असतो. आणि त्याच कष्टांवर पाणी फिरलं तर मात्र सगळं धुऊन जातं, ओल्या शाईवरून पाणी गेल्यासारखं.

'पाणी फिरणं' आणि 'पाणी सोडणं' यांत लोक अनेकदा गल्लत करतात, म्हणून इथे जरा थांबते. फिरणं आपल्या हातात नसतं. पाऊस आला, भाव पडले, मेहनतीवर पाणी फिरलं. सोडणं मात्र आपण होऊन केलेलं असतं. दान देताना देणारा तळहातावर पाणी घेऊन ते सोडतो. ते सुटलं की वस्तू त्याची राहिली नाही. राष्ट्रकूट काळातल्या ताम्रपटांमध्ये जमीन दान देताना 'उदकातिसर्गेण' असा शब्द कोरलेला सापडतो, म्हणजे उदक सोडून दिलेली. त्या काळात ते सोडलेलं पाणी हा व्यवहार पक्का झाल्याचा पुरावाच होता. तिलांजलीचंही तसंच. तीळ घातलेलं ओंजळभर पाणी निघून गेलेल्या माणसाला द्यायचं, आणि त्यावरून एखाद्या गोष्टीला तिलांजली देणं म्हणजे ती कायमची सोडणं.

आजही 'बहिणीनं आपल्या वाट्यावर पाणी सोडलं' असं घराघरांत सहज बोललं जातं. हे वाक्य मला कायम खटकतं. बोलताना ते दानासारखं ऐकू येतं, पण कित्येकदा तिला कुणी नीट विचारलेलंही नसतं. आणि कायद्याला तोंडी सोडलेलं पाणी पुरत नाही. जमीन किंवा घरातला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र करून ते नोंदवावं लागतं. भावानं पाहुण्यांसमोर जाहीर केलं म्हणून बहिणीचा हक्क जात नाही.

खोलीवरून आलेले अर्थ सरळ आहेत. कोण किती पाण्यात आहे, गळ्यापर्यंत पाणी आलंय, उथळ पाण्याला खळखळाट फार. नदी ओलांडलेल्या कुणालाही हे समजावावं लागणार नाही.

'कुठेतरी पाणी मुरतंय' हा मात्र फार हुशार वाक्प्रचार आहे. घराच्या भिंतीला ओल येते तेव्हा ओल दिसते तिथेच गळती असेल असं नसतं. पाणी वर कुठेतरी शिरतं, स्लॅबमधून, विटांच्या सांध्यांमधून वाट काढतं आणि भलत्याच कोपऱ्यात रंगाचे पोपडे उडवतं. दिसतंय इथे आणि कारण आहे तिथे, ही मुरण्याची खूण. हिशेबात गडबड दिसते पण कुणी केली ते दिसत नाही, अशा वेळी हा वाक्प्रचार नेमका बसतो. जमिनीच्या बाबतीत तर मुरणं ही चांगली गोष्ट आहे. पाणलोटाची कामं करणारे लोक धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबवा आणि थांबलेल्याला मुरवा असं सांगतात. मुरलेलं पाणीच पुढे विहिरीला लागतं.

शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द जितका राबतो तितका कुठेच राबत नसेल. 'यंदा पाणी पडलं नाही' यात पाणी म्हणजे पाऊस. 'साठ फुटांवर पाणी लागलं' म्हणजे झरा सापडला. 'उसाला पाणी धरलंय' म्हणजे सिंचन चालू आहे. 'पाण्याची पाळी' म्हणजे कालव्याचं किंवा सामाईक विहिरीचं पाणी घ्यायची आपली वेळ, मग ती रात्री दोनला का येईना. पाणी धरणारा माणूस खोरं घेऊन पाटाच्या कडेला उभा असतो. एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. शेवटच्या सरीपर्यंत अनवाणी, चिखलात, अंधारात हेच.

आणि इथे पाणी चक्क मोजता येतं. एरवी 'दोन पाणी' असं कुणी म्हणत नाही. पेलाभर, बादलीभर म्हणतात. पण 'गव्हाला चार पाणी दिली' हे पक्कं मराठी आहे. इथे पाणी म्हणजे एक खेप. 'कपडे तीन पाण्यांतून काढले' यातही तेच. शेजारचा शेतकरी 'माझं तिसरं पाणी राहिलंय' म्हणाला तर तो लिटरबद्दल नाही, वेळापत्रकाबद्दल बोलतोय.

पाणी देऊन झाल्यावरच्या अवस्थेला मराठीत एक शब्द आहे, जो मला आपल्या भाषेतला ठेवा वाटतो: वाफसा. भरपूर पाणी दिलं की मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्यानं भरून जातात आणि मुळांना हवा मिळत नाही. एक-दोन दिवसांत, भारी जमिनीत आणखी उशिरा, जास्तीचं पाणी खाली उतरतं. कणांभोवती ओल राहते आणि पोकळ्यांत हवा शिरते. शेतकरी मूठभर माती दाबून बघतो. तिचा गोळा होतो आणि बोटानं ढकलला की सुटतो. तेव्हा म्हणायचं, वाफसा आला. पेरणी, कोळपणी त्यानंतर. पिकाला पाण्याइतकीच हवाही लागते, हे जाणणाऱ्या माणसांनीच हा शब्द घडवला असणार.

जागेचं पाणीही लागतं. नव्या गावी पोट बिघडलं की 'इथलं पाणी लागलं' म्हणतात, आणि गावाकडचा मुलगा बदलला की 'शहराचं पाणी लागलं'. पहिल्यात खरंच पाणी असतं, दुसऱ्यात तिथली माणसं आणि सवयी. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस मात्र कशानंच बिघडत नाही, त्याला सगळं पचलेलं असतं.

आणखी एक फार मराठी सवय: दुसऱ्या शब्दाच्या मागे पाणी जोडणं. चहापाणी, औषधपाणी, पीकपाणी, पाऊसपाणी, दाणापाणी. औषधपाण्यात पाणी कुठे आहे? नाही. इथे पाणी म्हणजे 'आणि त्यासोबतचं सगळं'. औषधपाणी म्हणजे गोळ्या, तपासण्या, दवाखान्याच्या खेपा, पथ्य. पीकपाणी म्हणजे पिकाची एकूण हालहवाल. म्हणून 'पीकपाणी कसं काय?' असं विचारलं की समोरचा एका शब्दात उत्तर देत नाही, बसून सांगतो. 'खतपाणी' तर शेतातून निघून थेट भांडणांत पोचलंय. भांडणाला खतपाणी घालणारी माणसं आपल्याला नको असली तरी ओळखीची असतात.

शेवटी दवाखाना, कारण तिथे या शब्दाच्या घोळानं माणसं खरोखर घाबरतात. डॉक्टर म्हणतात, 'छातीत पाणी झालंय.' एका आजोबांनी हे ऐकून पाणी पिणंच कमी केलं होतं, ते मी पाहिलंय. त्यांना वाटलं, प्यालेलं पाणी चुकून तिथे गेलं. तसं होत नाही. फुफ्फुसाभोवती दोन पातळ आवरणं असतात आणि त्यांच्यामध्ये थोडासा द्रव असतोच. क्षय, न्यूमोनिया, कमजोर हृदय अशा कारणांनी तो वाढतो. तो रक्तातून झिरपलेला असतो, त्यात प्रथिनं असतात, कधी पेशी असतात. म्हणूनच सुईनं काढून तपासायला पाठवतात, कारण त्या पाण्यातच आजाराचा माग असतो. गुडघ्यात झालेलं पाणी, पायांवर चढलेलं पाणी, पाणमोट फुटल्यावर जाणारं पाणी, हे सगळे शरीराचे वेगवेगळे द्रव आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. पाणी किती प्यायचं ते अशा वेळी स्वतःच ठरवू नये, डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. काही आजारांत ते खरंच मोजून प्यायचं असतं, काहींत मुळीच कमी करायचं नसतं.

सलाईनलाही लोक 'पाण्याची बाटली' म्हणतात, पण ते नुसतं पाणी नसतं. नेहमीच्या सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. नुसतं शुद्ध पाणी मोठ्या प्रमाणात शिरेत सोडलं तर ते तांबड्या पेशींत घुसतं, पेशी फुगतात आणि फुटतात. मिठाचं ते प्रमाण पेशींच्या आतल्या द्रवाशी जुळतं म्हणून त्या शाबूत राहतात.

'जड पाणी' हा असाच दुसरा घोळ. घरात आपण जड पाणी म्हणतो ते बोअरचं. त्यात साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर चढतो. कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाठ्यपुस्तकात त्याला दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणतात. बातम्यांमध्ये येणारं जड पाणी निराळं. त्यात क्षार नसतात, त्याचा हायड्रोजनच जड असतो. साध्या हायड्रोजनच्या केंद्रात एकटा प्रोटॉन, या हायड्रोजनच्या केंद्रात जोडीला एक न्यूट्रॉन. हा ड्युटेरियम. हॅरल्ड युरी यांनी तो १९३१ च्या अखेरीस शोधला. त्यापासून बनलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जड असतं, इतकं की त्याचा बर्फ साध्या पाण्यात तरंगत नाही, बुडतो. काही अणुभट्ट्यांमध्ये न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते वापरतात. भारतात ते पहिल्यांदा १९६२ साली नांगल इथे तयार होऊ लागलं, आणि पुढे रायगड जिल्ह्यात थळ इथेही त्याचा प्रकल्प झाला. दिसायला ते साध्या पाण्यासारखंच असतं आणि त्यात साबणाला फेसही छान येईल.